उपाशी गाडीचे डॉक्टर

फाट्यावर गॅरेज चालवणाऱ्याला विक्षिप्त माणसं शोधायला कुठं जावं लागत नाही. ती आपल्या पायानं येतात आणि टायरवर बसतात. कापूरहोळला माझं गॅरेज आहे, महामार्ग सोडून भोरकडं वळलं की लगेच. इतक्या वर्षांत तिथं एकापेक्षा एक नमुने बघितले. पण ज्याच्यावर मी रोज चिडायचो आणि जो आठवडाभर दिसला नाही की मला करमायचं नाही, असा माणूस एकच. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे.

ते डॉक्टर नव्हते, बरं का. वेल्ह्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, साहेब आले नाहीत की सुया द्यायच्या. डोंगरातल्या धनगरवाड्यांवर साहेब क्वचित पोचायचे. हे आपल्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर पोचायचे, आणि जो पोचतो त्यालाच लोक डॉक्टर म्हणतात. रिटायर झाल्यावर ते आंबवड्याला घरी राहायला आले. नोकरी सुटली, पण गाडी सुटली नाही आणि डॉक्टरकीही सुटली नाही. धनगरवाड्यावरून निरोप आला की अजून जायचे. बाकीच्या वेळी ती डॉक्टरकी माझ्या गॅरेजातल्या गाड्यांवर चालायची, आणि माझ्या डोक्याला ताप व्हायचा.

त्यांचं म्हणणं असं, की जुनी मोटारसायकल म्हणजे जनावर. जनावराचा आजार बहुतेक खाण्यापिण्यातनं येतो, आणि गाडीचं खाणंपिणं म्हणजे पेट्रोल. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत नीट पोचतंय का, तेवढं बघा. बाकी सगळं थोतांड.

हे मी नुसती गंमत म्हणून सांगत नाही. ह्याच पेट्रोलच्या पायी त्यांच्या घरात डोळ्यांचा प्रश्न निघाला. तो वेळेवर निघाला नसता तर त्या घरातलं एक माणूस कायमचं आंधळं झालं असतं, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी झालं असतं. पण एकदम तिथं उडी मारली तर डॉक्टर कसले होते ते कळायचं नाही. आधी माणूस सांगतो.

सकाळी शटर वर करून मी देवाला उदबत्ती लावतोय तोवर त्यांची गाडी फाट्यावर फटफटायची. अंगात खाकी सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि गळ्यात स्टेथोस्कोप. होय, खराखुरा स्टेथोस्कोप. दवाखान्यातल्या साहेबांनी निरोप समारंभाला दिलेला. फाटक्या टायरवर बसायचे, चहा मागवायचे, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला माझ्या आधी धरायचे.

"काय होतंय हिला?"

"चढाला दम खाती, डॉक्टर."

"कधीपासनं? रोज का कधीमधी? सकाळी जास्त का उन्हाचं? पेट्रोल कुठलं पाजता, पंपावरचं का दुकानातल्या बाटलीतलं?"

गिऱ्हाईक बावरायचं. मी पाना घेऊन उभा, आणि इकडं ह्यांची हजेरी चाललेली. मी वैतागून कार्बोरेटर खोलायला हात घातला की ते असे ओरडायचे, की समोरच्या ढाब्यावरचे लोक वळून बघायचे.

"अहो मेस्त्री! म्हशीनं वैरण खाल्ली न्हाई म्हणून तुमी तिचं काळीज फाडता का? आधी तोंड, मग पोट, मग आतडं. काळीज सगळ्यात शेवटी!"

तोंड म्हणजे टाकीचं झाकण. पोट म्हणजे टाकी. आतडं म्हणजे पेट्रोलचा कॉक आणि खालची नळी. काळीज म्हणजे कार्बोरेटर. हा क्रम मोडलेला त्यांना खपायचा नाही. स्वतः मात्र पान्याला कधी हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "रोग मी सांगतो, औषध तुमी द्या." म्हणजे मान त्यांचा आणि काळे हात माझे. कधी कधी वाटायचं, उचलावा हा टायर डॉक्टरांसकट आणि ठेवावा महामार्गाच्या पलीकडं.

पण बरोबर सांगायचे हो, बऱ्याचदा. भोंगवलीचा एक शेतकरी बापाची जुनी गाडी घेऊन आला होता. सकाळी चालू व्हायची, खोकायची, बंद पडायची. डॉक्टरांनी डोळे मिटले, टाकीला कान लावला, गाडी दोन्हीकडं हलवायला सांगितली.

"रात्री कुठं बांधता?"

"बांधत न्हाई डॉक्टर, लावतो. पडवीच्या कडंला."

"पत्र्याच्या पागोळ्या पडत्यात तिथं?"

"व्हय, पडत्यात."

"हिच्या तोंडावरच पडत्यात. पोटात पाणी झालंय हिच्या. काढा."

टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर खाली पाणी, वर पेट्रोल, मधी सरळ रेघ. तो शेतकरी पायाच पडायला निघाला. मी बाटली डॉक्टरांच्या नाकासमोर धरली, म्हटलं बघा तरी. त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "मला काय दाखवता? मला म्हाईत हाय," म्हणाले आणि चहा ओरपत बसले. एवढी मिजास!

चुकले तरी मिजास तीच. एकदा एका गाडीला त्यांनी नळीचा रोग सांगितला, निघाला प्लगचा. मी जरा हसलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गाडी खोटं बोलली." मी हात टेकले.

त्यांचा भरवसा सगळा कानावर आणि नाकावर. "डोळा फशिवतो," म्हणायचे. रस्त्याकडं पाठ करून बसलेले असताना कोण येतंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण कधी कधी माझी चेष्टाही करायचे, निदान मला ती चेष्टा वाटायची. एकदा पावसाळ्यात मी माझा रेनकोट खिळ्याला अडकवला होता. डॉक्टर आत आले आणि त्या रेनकोटाला म्हणाले, "रामराम पाटील! आज लवकर?" मी पोट धरून हसलो. तेही हसले. जरा उशिरा हसले, पण हसले.

त्यांच्या स्वतःच्या गाडीला मात्र हात लावायची कुणाची छाती नव्हती. माझीही नाही. धुवायचे तेच, पेट्रोलात ऑइल मोजून मिसळायचे तेच, प्लग पुसायचे तेच. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. त्यांना फक्त पूजेपुरती परवानगी. मी दसऱ्याला सोनं द्यायला घरी जायचो तेव्हा बघितलंय. पडवीत विळे, कोयते, दुधाच्या किटल्या, तो स्टेथोस्कोप आणि ती गाडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. काकू कमी बोलणाऱ्या. डॉक्टर तोंड, पोट, आतडं सांगायला लागले की त्या तांदूळ निवडत बसायच्या आणि मधूनमधून "व्हय" म्हणायच्या. लग्न झाल्यापासून हे एकच प्रवचन ऐकत आलेल्या. मला त्यांची दया यायची.

तर अशा ह्या डॉक्टरांची गाडी एका दसऱ्यानंतर रस्त्यात बंद पडायला लागली.

घरातनं निघताना झकास चालायची. भोर ओलांडलं की आचके द्यायची, जीव गेल्यासारखी बंद पडायची. जरा वेळ उभी केली की पुन्हा चालू. पुढं गेली की पुन्हा तेच. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण का पोचत नव्हतं? डॉक्टर रोज नवीन कारण घेऊन यायचे. आज म्हणे नळी चिमटली होती, बदलली. उद्या म्हणे कॉकच्या जाळीत गंज होता, धुतली. परवा म्हणे पंपावरचंच पेट्रोल खराब. दर वेळी सांगायचे, "आता सापडला रोग, आता बरी झाली," आणि दर वेळी दोन दिवसांत ढकलत यायचे. घामानं सदरा भिजलेला, टोपी खिशात.

ढाब्यावरची टवाळ मंडळी वाटच बघत असायची. "काय डॉक्टर, पेशंट काय म्हणतोय?" कुणी म्हणायचं, "सलाईन लावा की!" डॉक्टर मान वर करायचे नाहीत. मी म्हटलं, "द्या ना माझ्याकडं, तासाभरात बघून देतो." माझ्यावर असे कडाडले, की पुन्हा विषय काढला नाही. मरा म्हटलं ढकलत. पण खरं सांगतो, त्यांना तसं ढकलत येताना बघवायचं नाही. माणसाचं सगळं नाव ज्याच्यावर, तेच त्याला दगा देत होतं.

मग एक दिवस योग आला. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर कुणाची तरी गाडी बंद पडून राहिली होती, मला बोलावणं होतं. माझी गाडी गिऱ्हाईक घेऊन गेलेलं. डॉक्टर म्हणाले, "चला, मलाबी तिथली शेळी बघायचीय." मी मागं बसलो.

चेलाडीवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि मी मागची कडी घट्ट धरली. गाडी बरी चालली होती, पण डॉक्टर खड्डा चुकवत नव्हते. एकही नाही. एका वळणापुढं गवताची ट्रॉली रस्त्यातच उभी. मला वाटलं आता हे बाजूला घेतील, मग घेतील. शेवटी मी बोंबललो, "डॉक्टर, ट्रॉली!" तेव्हा कुठं ब्रेक लागला, आणि आमचं पुढचं चाक ट्रॉलीच्या गवताला टेकलं. "वाटंत लावत्यात, अक्कल न्हाई!" म्हणून त्यांनी ट्रॉलीवाल्याचा उद्धार केला. मी म्हटलं, असा कसा गाडी चालवतो हा माणूस, तंद्रीत!

चढाला लागलो आणि नेहमीप्रमाणे गाडीनं आचका दिला. बंद. डॉक्टर उतरले, आणि सवयीनं त्यांचा हात टाकीच्या झाकणाकडं गेला. उघडून वास घ्यायचा, त्यांची पहिली तपासणी. मी पटकन त्यांचा हात धरला.

"थांबा. झाकण उघडू नका."

"का?"

"तुमी म्हणता ना आधी तोंड? आज आधी आतडं."

कुरकुरले, पण ऐकलं. मी कार्बोरेटरवरनं नळी काढली. कॉक चालू, टाकी अर्धी भरलेली. पेट्रोलचे चार थेंब पडले आणि धार बंद. मी म्हटलं, "आता उघडा झाकण." त्यांनी झाकण फिरवलं. टाकीनं फस्सदिशी हवा आत ओढली, आणि नळीतनं पेट्रोलची धार माझ्या चपलेवर.

झाकणाला वर सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी त्यातनं हवा आत येते. ते भोक बुजलं की हवा येत नाही, आणि हवा येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. डॉक्टर रोज झाकण उघडून वास घ्यायचे, तेव्हा हवा आत जायची आणि गाडी चालू व्हायची. झाकण उघडणं हेच औषध होतं, आणि त्याला ते तपासणी समजत होते. मग ज्याला शेवटचा हात लावलाय, त्याचाच रोग होता असं म्हणायचे. मी इतका हसलो, इतका हसलो, की रस्त्यावरच बसलो.

"काय बुजलंय त्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

मी झाकण नखानं खरवडलं. लाल. तेलात कालवलेलं हळदकुंकू, थरावर थर, त्यात एक अक्षत. आमच्याकडं दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत प्रत्येक गाडीला कुंकू असतंच. त्याच्याकडं कोण कशाला लक्ष देतंय? मीसुद्धा कधी दिलं नव्हतं. "काकूंनी बुजवलंय, डॉक्टर. पूजा जरा जास्तच मनापासून झाली."

मला वाटलं हसतील. त्यांनी झाकण हातात घेतलं, बोटानं चाचपलं, नाकाला लावलं. "आमच्या देवघरातलं तेल हाय," म्हणाले. मग पुढं जाऊन त्यांनी हेडलाइटवरनं तळवा फिरवला. काच स्वच्छ.

"दरवर्सी ती दिव्यावर लावती," ते म्हणाले. "दिव्यावर. टाकीवर कधीच न्हाई." आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. "मेस्त्री, तिला दिसंना झालंय."

"काहीतरीच काय!"

"आयका. जेवताना भातात रोज खडा लागतो. निवडताना दिसत न्हाई तिला. घरात सगळं अंधुक अंधुक. मी दोनदा बल्ब बदलले, तिला उजेड पडावा म्हणून. आन् आता हे. मोतीबिंदू असणार. मी जनावरांचे बघितलेत." झाकण अजून त्यांच्या हातात होतं. "ती अंधारात चाचपडत बसली घरात, आन् मी हितं पेट्रोल शोधत हिंडतोय."

टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. मी त्या माणसाला कधी असं बघितलं नव्हतं. माझंही हसू विरलं. तारेनं झाकणाचं भोक मोकळं करून दिलं आणि आम्ही पुढं गेलो.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी काकूंवर उपचार सुरू केले, तेही जनावराच्या रीतीनं. म्हणायचे, बुजरं जनावर समोरून धरायचं नसतं, बाजूनं जायचं. म्हणून सरळ विचारलं नाही. पडवीच्या टोकाला उभं राहून दोन बोटं वर करायची आणि म्हणायचं, "अगं, किती बोटं?" मला येऊन सांगायचे.

"काय म्हणाल्या काकू?"

"म्हणली, दोन. आन् नखं काढा, वाढल्यात."

"अहो, मग दिसतंय की त्यांना!"

"अंदाजानं सांगती हो. लई हुशार हाय ती."

पुढं माझ्यासमोरच त्यांनी दहादा शिबिराचा विषय काढला. भोरला एका मंगल कार्यालयात डोळ्यांचं मोफत शिबिर भरणार होतं. काकूंचं उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" डॉक्टरांचा चेहरा पडायचा. त्यांनी पूजेचंही काही बोलून दाखवलं नाही. काकू आता दर अमावास्येला गाडीची पूजा करायच्या. त्या आत गेल्या की हे तारेनं चाचपून भोक मोकळं करायचे, त्यांना कळू नये म्हणून. बाकी गाडी आता भन्नाट पळत होती. डॉक्टर पुन्हा वेल्ह्याचे डोंगर पालथे घालायला लागले. ढाब्यावरच्या लोकांची तोंडं बंद झाली.

आणि एका दुपारी एसटीतनं काकू एकट्याच कापूरहोळला उतरल्या. कधी न येणाऱ्या बाई, थेट गॅरेजात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मेस्त्री, ह्यांची गाडी आता बंद पडत न्हाई?"

"न्हाई काकू! एकदम ठणठणीत. मीच काढला रोग."

मला वाटलं आभार मानतील. काकूंचं तोंड उतरलं. पदर तोंडाला लावून त्या रस्त्याकडं बघत राहिल्या, जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रकांकडं. मला वाईट वाटलं. म्हटलं, आपल्याला दिसत नाही हे कळल्याची लाज वाटत असेल बिचारीला. मग म्हणाल्या, "ते शिबिर कधी हाय?"

"ह्या रविवारी."

"ह्यांना सांगा, मी यीन. पण आधी ह्यांनी तपासायचं, मग मी. आन् गाडीवर बसणार न्हाई मी. दुसरं काय असंल तर बघा."

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना केवढा आनंद! "बघा, बाजूनं गेलो म्हणून जमलं," म्हणाले. रविवारी मी मेव्हण्याचा टेम्पो घेऊन आंबवड्याला गेलो. काकू हिरवं लुगडं नेसून तयार. डॉक्टर इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात स्टेथोस्कोप. तो तरी घरी ठेवा म्हटलं, ऐकतील तर शपथ.

मंगल कार्यालयात ही गर्दी. नंबर आला तशा काकूंनी डॉक्टरांना पुढं ढकललं. "आधी तुमी." डॉक्टर मला डोळा मारून खुर्चीवर बसले, म्हणजे बायकोच्या समाधानासाठी बसतोय असा भाव. समोर भिंतीवर अक्षरांची पाटी. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी एक डोळा झाकला.

"वाचा काका."

डॉक्टरांनी सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर वाचलं. आणि उठायला लागले.

"पुढं?"

"पुढं काय?"

"खालच्या ओळी."

"खाली कुठं काय लिव्हलंय? पाटी कोरी हाय."

रांगेतले लोक हसले. मीही हसलो असतो, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा डोळा झाकला. तेवढंच. मग बॅटरीचा झोत टाकून बराच वेळ दोन्ही डोळे बघितले.

"काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पार पिकलाय. अजून थांबलात तर नजर कायमची जाईल. इतके दिवस काढलेत कसे? गाडीबिडी चालवत नाही ना?"

डॉक्टर सदऱ्याची बटणं चाचपत बसले. माझ्या डोळ्यांसमोर ती गवताची ट्रॉली आली. हा माणूस मला मागं बसवून त्या घाटातनं घेऊन गेला होता!

मग काकू बसल्या. त्यांनी पाटी धडाधड वाचली, वरपासून खालपर्यंत, आणि तळाशी छापखान्याचं बारीक नाव होतं तेसुद्धा वाचून टाकलं. बाई म्हणाल्या, "तुमचे डोळे छान आहेत, मावशी. लांबचं अगदी स्वच्छ दिसतंय."

डॉक्टर खुर्चीला धरून उभे होते. तोंडात मारल्यासारखा चेहरा. "मग... मग ते कुंकू?"

"कुठलं?" काकू म्हणाल्या.

"टाकीच्या झाकणावरलं. तुला हेडलाइट दिसत न्हाई म्हणून तू—"

"मला सगळं दिसतंय. भोकसुद्धा दिसतंय. ताटातला खडाबी दिसतो, तुमाला दिसत न्हाई म्हणून तुमच्याच दाताखाली येतो."

रांगेतले लोक वळून बघायला लागले. काकू इतक्या सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"लगीन झाल्यापासनं ऐकतीया. तोंड बुजलं की गाडी उपाशी मरती. म्हणलं, मरू दे. तुमाला दिसत न्हाई म्हणून सांगून बघितलं, तर ताट सारून उठला. पोरानं पुण्यासनं फोनवर सांगितलं, त्याच्याशी बोलणं टाकलं. मग मी काय करणार? चावी लपवली असती तर गाव डोक्यावर घेतलं असतं. म्हणून भोक बुजवलं."

"अगं, पण रस्त्यात बंद पडायची ना गाडी!"

"पडू दे. गाडी बंद पडली तर तुमी ढकलत का हुईना, घरी येत होता. आता कितीक दिवस ती बंदच पडंना, तर मी दारात बसून ऱ्हाते. फोन वाजला की वाटतं, कुणाचा हाय. तुमाला कुणी रस्त्यातनं उचलून आणलं असं सांगाय तर न्हाई ना." आणि त्या हुंदका देऊन रडायला लागल्या. माझ्याकडं एकदा असं बघितलं, की मी मान खाली घातली. भोक मोकळं करणारा शहाणा मीच ना!

डॉक्टरांचे ओठ हलत होते. मला वाटलं आता क्षमा मागतील. पण ते डॉक्टर होते.

"कुंकवानं बुजवायचं नसतं," ते म्हणाले. "कुंकू हवा सोडतं थोडी. म्हणून ती इतकी लांब जायची. मेण लावायचं."

"मेण लावलं असतं तर दारातच बंद पडली असती, आन् तुमी त्याच दिशी वळखलं असतं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तुमी काय येडं हाय व्हय?"

पुढचं सगळं नीट झालं. त्याच महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पावसाळ्याआधी दुसऱ्याचं. डॉक्टर अजून येतात, टायरवर बसतात, आणि आता दिसतंय म्हणून माझ्या गॅरेजातली धूळसुद्धा दाखवतात. डोकं पूर्वीपेक्षा जास्त खातात. त्याचं काही नाही. पण मला डॉक्टर आठवतात ते त्या रविवारचे.

बाईंनी ऑपरेशनची तारीख घ्यायला आतल्या खोलीत जायला सांगितलं. डॉक्टर जागचे हलले नाहीत. मला वाटलं आता नाही म्हणतात, आता भांडण काढतात. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, खिशात कोंबला, आणि मोकळा हात हवेत पुढं केला. काकू उभ्या होत्या त्याच्या भलत्याच बाजूला.

"अगं," ते म्हणाले, "कुठं हायस तू? मला दिसंना."

काकूंनी तो हात धरला. गर्दीतनं वाट काढत त्यांना घेऊन निघाल्या. खोलीच्या दाराला उंबरा होता, चांगला उंच.

"पाय उचला," काकू म्हणाल्या.

आणि डॉक्टरांनी निमूट पाय उचलला.